किती टक्के भाजलं हे सगळेच विचारतात, किती खोल भाजलं हे कोण बघणार?

प्रति,
पुणे महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, ससून हॉस्पिटलचे अधिष्ठाता आणि पुणे-पिंपरी चिंचवडमधल्या बर्न्स वॉर्डात काम करणारी सगळी डॉक्टर मंडळी

नमस्कार,

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच काम करते. भाजलेली माणसं माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतात, म्हणजे जखम भरली, डिस्चार्ज झाला, घरी गेले आणि मग काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे बोटं सरळच होत नाहीयेत, हात केसांपर्यंत जात नाहीये, मान वर केली की खालचा ओठ ओढला जातोय. मग कुणीतरी सांगतं फिजिओकडे जा. मी स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी, बनवते, व्रणाला मसाज कसा करायचा ते शिकवते, प्रेशर गारमेंटची, म्हणजे व्रण दाबून ठेवणाऱ्या घट्ट कपड्याची, मापं द्यायला पाठवते. ते गारमेंट दिवसातले २३ तास घालायचं असतं आणि तेही वर्षभर किंवा जास्तच, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मी हे सांगते तेव्हा तिला जमणार नाहीये हे तिलाही कळत असतं आणि मलाही.

हे पत्र लिहायचं कारण असं की यातल्या बऱ्याच जणांचा खरा निर्णय भाजल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच झालेला असतो, किंवा व्हायचा राहून गेलेला असतो. आणि तो निर्णय ज्या गोष्टीवर अवलंबून असतो ती म्हणजे भाजल्याची खोली. ती मोजायची मशीन जगात वीस-पंचवीस वर्षं झाली वापरात आहेत. माझ्याकडे आलेल्या एकाही पेशंटच्या फाइलमध्ये मला तसा रिपोर्ट बघायला मिळालेला नाही.

कुणी भाजलं की पहिला प्रश्न काय असतो? किती टक्के? नातेवाईक तेच विचारतात, पोलीस तेच लिहून घेतात, पेपरात बातमी येते त्यातही "८० टक्के भाजली", योजनेच्या कागदांवर पण टक्के. टक्के महत्त्वाचे आहेतच, सलाइन किती द्यायचं ते त्यावर ठरतं, जीव वाचायची शक्यता त्यावरून कळते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टक्के म्हणजे फक्त पसारा. मोठ्या माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, म्हणजे ९ टक्के. ते ९ टक्के वरवरचे असतील तर दोन आठवड्यांत माणूस कामावर, आणि तेच ९ टक्के खोल असतील तर तो हात पुढे आयुष्यभर नीट चालेल का नाही हा प्रश्न. कागदावर दोघांचंही तेच, ९ टक्के.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, डॉक्टरांनी पुढे गेलं तरी चालेल. आपली कातडी बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटरच जाड असते. वरचा पापुद्रा पातळ, त्याखाली जाड थर, त्या जाड थरात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं. भाजल्यावर वरचा पापुद्रा गेला तरी नवी कातडी येते, कारण केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींशी ज्या पेशी शिल्लक असतात त्याच वाढत वाढत वर येऊन जखम झाकतात. जाड थराचा वरचा भाग भाजला असेल तर अशा पेशी भरपूर उरतात आणि जखम दोन आठवड्यांच्या आसपास भरते, डागही फारसा राहत नाही. खालपर्यंत भाजलं असेल तर पेशी थोड्याच उरतात, जखम भरते पण रखडत रखडत, आणि तीन आठवड्यांच्या पुढे गेलेल्या जखमेवर जाड, लाल, खाजणारा, आक्रसणारा व्रण यायची भीती खूप वाढते. आणि पूर्ण जाडी जळाली असेल तर आतून काही यायला उरतच नाही, कडेने थोडंफार भरेल तेवढंच, बाकी अंगावरच्या दुसऱ्या जागेची कातडी काढून लावावीच लागते.

आता बघा, अगदी वरवरचं भाजलेलं कुणालाही ओळखता येतं, लाल, फोड, हात लावू देत नाही इतकं दुखतं. पूर्ण जळालेलंही ओळखता येतं, पांढरं किंवा काळपट, चामड्यासारखं कडक, आणि दुखत नाही कारण नसाच गेलेल्या असतात. (घरच्यांना इथेच मोठा धोका होतो, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजून घरीच थांबतात.) अडचण सगळी मधल्या जखमांची आहे. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, ओल्या, गुलाबी-पांढरट, मधेमधे ठिपके, आणि त्यातली एक आपोआप भरणार असते आणि दुसरी नाही. डॉक्टर काय करतात, रंग बघतात, बोटाने दाबून पांढरं पडून परत लाल होतंय का बघतात, सुई टोचून कळतंय का विचारतात, केस ओढून बघतात. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि त्यात अनुभवाचा भाग मोठा आहे हे मला मान्य आहे. पण अनुभवी बर्न सर्जनचा अंदाज सुद्धा या मधल्या जखमांमध्ये साधारण ६० ते ७५ टक्के वेळाच बरोबर येतो असं त्यांच्याच क्षेत्रातले पेपर सांगतात. हा कुणा डॉक्टरचा दोष नाही. जखम पुढे भरणार का नाही हे ठरतं आतल्या रक्तप्रवाहावरून, आणि डोळ्याला दिसतो वरचा रंग. नळाला पाणी येतंय का ते भिंतीचा रंग बघून कसं सांगणार?

त्यात आणखी एक गोष्ट. जखम पहिल्या दिवशी जेवढी खोल असते तेवढीच राहत नाही. डग्लस जॅक्सन नावाच्या बर्मिंगहॅमच्या सर्जननी १९५३ मध्येच मांडलं होतं की भाजलेल्या जागेत तीन पट्टे असतात, मधला मेलेला, त्याच्या भोवती रक्तप्रवाह मंदावलेला, आणि बाहेरचा नुसता लाल झालेला. हा जो रक्तप्रवाह मंदावलेला पट्टा आहे तो पुढच्या एक-दोन दिवसांत एक तर सावरतो नाहीतर मरतो. पाणी कमी पडलं, इन्फेक्शन झालं, बीपी पडलं, की तो मरतो आणि जखम खोल होते. म्हणून कॅज्युअल्टीत पहिल्या रात्री लिहिलेली खोली चौथ्या दिवशी खरी असेलच असं नाही, आणि मी बघितलेल्या फाइलींमध्ये पहिल्या रात्रीचंच वाक्य डिस्चार्ज कार्डापर्यंत जसंच्या तसं उतरवलेलं असतं.

आता मशीनकडे येते. लेझर डॉप्लर इमेजिंग म्हणतात. कमी ताकदीचा लेझर जखमेवरून फिरवतात, जखमेला स्पर्श होत नाही, इंजेक्शन नाही, दुखत नाही, फक्त डोळ्यांना संरक्षण द्यायचं आणि पेशंटने थोडा वेळ स्थिर राहायचं. प्रकाश कातडीत थोडासा आत जातो, तिथे रक्तपेशी हलत असतील तर परत येणाऱ्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते, त्यावरून कॉम्प्युटर जखमेचा रंगीत नकाशा काढतो, लाल म्हणजे रक्त भरपूर, निळा म्हणजे रक्त कमी. त्या नकाशावरून जखमेचा कुठला भाग १४ दिवसांत भरेल, कुठला १४ ते २१ मध्ये आणि कुठला २१ दिवसांच्याही पुढे जाईल याचा अंदाज येतो. एकाच हातावर तीन वेगवेगळे तुकडे दिसू शकतात, आणि माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोलाचं आहे, कारण मग सर्जनला अख्ख्या हाताची कातडी काढायला नको, जेवढं भरणार नाही तेवढंच काढायचं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ७६ जखमांवर हे तपासलं होतं, २००१ मध्ये छापून आलं, मशीनचा अंदाज ९७ टक्के बरोबर आणि नुसत्या तपासणीचा ७० टक्के. बेल्जियममध्ये गेंटच्या हॉस्पिटलने २००९ मध्ये ४० पेशंटवर दिवसागणिक तुलना छापली, त्यात भाजल्याच्याच दिवशी मशीनही चुकत होतं, जेमतेम निम्मं बरोबर, पण तिसऱ्या दिवशी ९५ टक्के, पाचव्या दिवशी ९७. डॉक्टरांच्या नजरेचा अंदाज तिसऱ्या दिवशी निम्म्याच्या आसपास आणि पाचव्या दिवशी ७१ टक्के होता. आठव्या दिवशी दोघांचंही १०० टक्के बरोबर, पण आठव्या दिवसापर्यंत थांबण्यातच तर सगळा तोटा आहे. २०११ मध्ये ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने खोलीबद्दल शंका असलेल्या जखमांसाठी असं मशीन वापरायची शिफारस केली, आणि त्यात खर्च वाचतो असंही म्हटलं, कारण नको ती ऑपरेशन टळतात आणि हवी ती लवकर होतात.

लवकर याचा अर्थही सांगायला हवा. झोरा यानझेकोविच नावाच्या बाई होत्या, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात मारिबोर गावात सर्जन, त्यांनी भाजल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसातच मेलेली कातडी पातळ पातळ कापत, रक्त दिसेपर्यंत जाऊन, लगेच नवी कातडी लावायची पद्धत रुजवली आणि १९७० मध्ये त्यांचा पेपर आला. त्याआधी मेलेली कातडी आपोआप सुटून पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबायची रीत होती. म्हणजे ऑपरेशनची चांगली वेळ तिसरा ते पाचवा दिवस, आणि मशीन अचूक सांगतं तोही दुसऱ्या दिवसानंतरचा, तिसरा-चौथा-पाचवा दिवस. ती दोन-तीन दिवसांची संधी हातातून गेली की मग पुढे माझ्यासारखे लोक वर्षभर ओढाताण करत बसतात.

माझ्याकडच्या दोन जणांबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही आणि हॉस्पिटलांची नावंही घेत नाही कारण मुद्दा कुठल्या एका हॉस्पिटलचा नाही.

एक ताई, वडापावच्या गाडीवर कढईतलं तेल उजव्या हातावर सांडलं, मनगट आणि हाताची वरची बाजू. दर ड्रेसिंगला "भरतंय, अजून आठ दिवस बघू" असं होत होत महिना उलटला, मग कातडी लावली. तोपर्यंत बोटांचे सांधे वरच्या बाजूला खेचले गेले होते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुठीत येतच नव्हतं. ती आता पीठ मळू शकते पण झारा घट्ट धरू शकत नाही, आणि तिचं पोट त्या झाऱ्यावर होतं.

दुसरं एक दोन वर्षांच्या आतलं बाळ. आंघोळीचं कढत पाणी बादलीत काढलेलं, गार मिसळायच्या आधीच त्याने बादली ओढली. पोट आणि एक मांडी. त्याला आठवड्याच्या आत दुसऱ्या मांडीवरून कातडी काढून लावली. लहान मुलांची कातडी पातळ, पाण्याने भाजलेलं असेल तर खोली जागोजागी वेगळी असते आणि चांगले चांगले सर्जनही चकतात. बाळ आता व्यवस्थित चालतं, पण जिथून कातडी काढली तिथे डाग राहिलाय आणि जिथे लावली तिथेही. त्याची आई मला अजून विचारते, "मॅडम, थांबलो असतो तर आपोआप भरलं असतं का हो?" मी काय सांगणार? फाइलमध्ये लिहिलंय "१२ टक्के, मिक्स्ड बर्न्स", म्हणजे कुठे वरवर कुठे खोल, आणि बस. कदाचित ऑपरेशन अगदी योग्य होतं. तसं असेल तर त्या सर्जनकडेही ते दाखवायला काही नाही आणि आईकडेही मनाची समजूत घालायला काही नाही. एक रंगीत नकाशा फाइलला लावलेला असता तर दोघांचंही ओझं कमी झालं असतं.

मशीन आणलं की सगळं सुटलं असं मी म्हणत नाहीये. जखमेवर जाड थर असेल तर ते चुकतं, इन्फेक्शन असेल तर चुकतं, पेशंट हलला तर चित्र बिघडतं, आणि रडणाऱ्या बाळाला स्थिर ठेवणं काय असतं ते आयांना विचारा. करंट लागलेल्या पेशंटला तर हे उपयोगाचंच नाही, कारण तिथे वर छोटीशी जखम आणि आत स्नायू जळालेले असतात, लेझर तिथपर्यंत पोचत नाही. निर्णय शेवटी सर्जनचाच, नकाशा फक्त मदतीला.

आणि आपल्याकडे मशीनच्या आधी एक अडथळा आहे तो म्हणजे जखमेला फासलेल्या वस्तू. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, कुणी काय काय लावून येतं. गल्लीतल्या दवाखान्यात जांभळं औषध लावतात, त्यावर जखमेचा रंगच दिसत नाही, ना डोळ्याला ना मशीनला. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावरही पहिलं काम पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम थापणं, जे बऱ्याच जखमांना लागतं हे खरं, पण दोन-तीन दिवसांत त्याचा पिवळसर चिकट थर बसतो आणि खालची जखम खरी कशी आहे ते झाकून जातं. खोली बघायच्या आधी काय लावायचं आणि काय नाही, हे सगळ्या कॅज्युअल्टींमध्ये एकसारखं ठरवायला पैसे लागत नाहीत. घरच्यांनी करायचं तर एकच, नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, आणि मग स्वच्छ कापडात झाकून थेट दवाखाना. उशीर झाला असेल तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी मारलं तर फायदा होतो. महापालिकेच्या आशाताई घरोघर जातातच, त्यांच्याकडून हे एवढं वाक्य पोचलं तरी त्या रक्तप्रवाह मंदावलेल्या पट्ट्यातली किती कातडी वाचेल.

स्वस्तात काही होईल का असं तुम्ही विचाराल, मीही विचारलं. थर्मल कॅमेरा आहे, उष्णतेचं चित्र काढणारा, आता मोबाईलला जोडायचेही मिळतात. खोल जखमेत रक्त कमी म्हणून ती आजूबाजूपेक्षा गार, वरवरची गरम, तत्त्व सोपं आहे. १९६१ मध्ये मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर हे करून बघितलं होतं. पण ओली जखम उघडली की पाणी उडायला लागतं आणि ती तशीच गार पडते, वर पंखा चालू, दार उघडं, आपल्या वॉर्डात तापमान कुणाच्या ताब्यात असतं? तरी मला वाटतं हे सोडून देण्यासारखं नाही. ड्रेसिंग रूममध्ये पंखा बंद करून, जखम पुसून, ठरावीक मिनिटांनी, रोज एकाच पद्धतीने चित्र काढलं तर निदान जखम कुठल्या दिशेने चाललीय ते कळेल. लेझर स्पेकल म्हणून आणखी एक प्रकार आहे, तोही लेझरने रक्तप्रवाहच बघतो, पण डॉप्लरपेक्षा बराच झटपट चित्र देतो, लहान मुलांसाठी तो बरा. अल्ट्रासाउंड, ओसीटी हेही आहे, ओसीटी तर कातडीच्या आतले थरच दाखवतं पण फार छोटासा तुकडा दिसतो, अख्खा हात त्याने कधी बघणार. माझं मत विचाराल तर रोजच्या कामासाठी डॉप्लर किंवा स्पेकल, आणि सोबत शिस्तीत काढलेले थर्मल फोटो.

इथे एक काळजीची गोष्ट, आणि ही मी फार मनापासून लिहितेय. यातला बराचसा अभ्यास युरोपातल्या गोऱ्या कातडीवर झालेला आहे. प्रकाशावर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला कातडीतला काळा रंग आड येऊ शकतो. कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले होते, आठवतंय ना, त्याच ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन कमी झालेला ते जवळपास तिप्पट वेळा पकडू शकत नाही. इतकी वर्षं ते यंत्र जगभर वापरात होतं. भाजलेल्या जखमेत वरचा रंगाचा थर बऱ्याचदा निघून गेलेला असतो, त्यामुळे डॉप्लरला तेवढी अडचण येणार नाही असं वाटू शकतं, पण जखमेच्या कडा असतात, अर्धवट उरलेला पापुद्रा असतो. आणि मोबाईलवरच्या फोटोवरून एआय खोली सांगेल अशी जी ॲप बनवतायत त्यांच्याबाबत तर ही भीती जास्तच आहे, ज्या फोटोंवर ते शिकलं ते कुणाचे होते? आपल्या सावळ्या पेशंटला ते "लाली नाही, म्हणजे खोल आहे" असं सांगून बसलं तर? म्हणून नुसतं विकत घेऊन चालणार नाही, आपल्या लोकांवर तपासून घ्यायला पाहिजे, नकाशा काय म्हणाला आणि जखम खरंच कितव्या दिवशी भरली हे लिहून ठेवलं पाहिजे आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं छापलं पाहिजे. बी. जे. मेडिकल आहे, महापालिकेचं स्वतःचं मेडिकल कॉलेज आहे, लष्कराचं मेडिकल कॉलेज एएफएमसी आहे, विज्ञान संशोधनाची आयसर आहे, कॉम्प्युटरवाली सीडॅक आहे. हे काम पुण्यात नाही होणार तर कुठे होणार?

आता पैशाचं आणि सोयीचं. मशीन महाग आहे, परदेशातून येतं, आणि प्रत्येक हॉस्पिटलने घ्यावं असं मी म्हणतच नाही. पूर्ण पुणे आणि पिंपरी चिंचवडसाठी मिळून एक, सरकारी मालकीचं, ट्रॉलीवरचं, एका ठिकाणी ठेवलेलं पुरेल सुरुवातीला. ससून स्टेशनजवळ आहे, सगळीकडून यायला सोयीचं, बाहेरगावचे पेशंटही तिथेच येतात, म्हणून मला तिथेच ठेवावं असं वाटतं. पण एक अट, महापालिकेच्या कमला नेहरू हॉस्पिटलमधला पेशंट असो, पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलमधला असो की छोट्या खासगी दवाखान्यातला, भाजल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसात त्याला तिथे स्कॅनची वेळ मिळालीच पाहिजे आणि रिपोर्ट त्याच दिवशी हातात. ॲडमिट करून घ्यायची गरज नाही, स्कॅन करून परत त्याच्याच डॉक्टरकडे. आणि खरेदी करताना पहिल्याच दिवशी मेंटेनन्सचा करार आणि निदान दोन टेक्निशियनची नेमणूक त्याच टेंडरमध्ये घाला, कारण मशीन येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि मग एक पार्ट नाही म्हणून ते कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली झाकून पडतं, हे मी माझ्या क्षेत्रातल्या उपकरणांचं होताना बघितलंय. पुण्यात कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेला, पैसा मिळतो, मशीन तेवढ्यातून येईलही, पण टेक्निशियनचा पगार सीएसआरमधून पाच वर्षं कुणी देत नाही, तो महापालिकेच्या किंवा राज्याच्या बजेटमध्येच लागेल.

कुणी म्हणेल की एवढे भाजलेले पेशंट असतात कुठे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, भारतात वर्षाला १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. आपल्या आसपासचंच बघा, खानावळी, डबे करणाऱ्या बायका, चहाच्या टपऱ्या, पेठांमधल्या जुन्या वाड्यांतले बंब, कुकर, गॅसची गळती, दिवाळीतले भुईनळे. आणि कारखाने. जून २०२१ मध्ये उरवड्याला आग लागली, डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात, दोन्हीकडे बळी पडलेल्यांत बहुतेक कामगार बायका. अशा वेळी पहिल्या रात्री डॉप्लरचा काही उपयोग नसतो, तेव्हा श्वासनलिका, सलाइन आणि टक्के हेच बघायचं. पण जे वाचतात त्यांचे तिसरा, चौथा, पाचवा दिवस एकाच वेळी येतात, ऑपरेशन थिएटर मोजकीच, अंगावरून काढून लावायला चांगली कातडीही मोजकीच उरलेली, आणि कुणाचं कुठलं अंग आधी घ्यायचं हे ठरवायचं असतं. तेव्हा नकाशा हातात असणं म्हणजे काय ते ज्या सर्जननी असे दिवस काढलेत त्यांना मी सांगायला नको.

मशीन येईल तेव्हा येईल, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील हे मला कळतं. तोपर्यंत थांबू नका एवढंच मागणं आहे. केसपेपरवर टक्क्यांच्या शेजारी खोलीचा वेगळा रकाना छापा, आणि तो एकदाच भरायचा नाही, पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी, अंगाच्या चित्रावर रंगाने, कुठला तुकडा किती खोल वाटतो ते, सही करून. सोबत त्याच दिवशीचा फोटो, चांगल्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून, पेशंटची परवानगी घेऊन, आणि तो हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये, रेसिडेंट डॉक्टरच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर नाही. डिस्चार्ज कार्डावर जखम कितव्या दिवशी भरली ते लिहा. ज्याची कुठलीही जखम सांध्यावर आहे आणि तीन आठवड्यांपर्यंत भरलेली नाही त्याला घरी पाठवायच्या आधी फिजिओकडे पाठवा, खरं तर पहिल्याच आठवड्यात बोलवा आम्हाला, स्प्लिंट तेव्हापासून लागतं, महिनाभर वाकून राहिलेलं बोट नंतर सरळ करणं पेशंटला किती दुखतं ते आम्ही रोज बघतो. आणि वर्षाच्या शेवटी हे सगळे रकाने एकत्र काढून बघा, पाचव्या दिवशी आपला अंदाज काय होता आणि जखम प्रत्यक्षात कधी भरली. मशीनसाठी प्रस्ताव करायचा असेल तर त्याला जोडायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

आपल्या सर्जन मंडळींबद्दल मला किती आदर आहे हे वेगळं सांगायची गरज नसावी, बर्न्स वॉर्डचं काम करायला फार कमी जण तयार होतात आणि जे करतात ते कशात करतात ते मला माहितीये. तुमच्यापैकी कुणी हा रकाना कसा असावा यावर बसायला तयार असेल तर मी आणि माझ्या ओळखीच्या काही फिजिओ ड्युटी संपल्यावर कुठल्याही संध्याकाळी येऊ. चित्राचा कच्चा नमुना आम्ही काढून ठेवलाय, मोठ्या माणसाचा वेगळा आणि लहान मुलाचा वेगळा, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मोठ्यांच्या चित्रावर त्याचे टक्के चुकतात. दिवाळीच्या आधी तो निदान एका वॉर्डात लागावा अशी इच्छा आहे.

आपली,
पुण्यातली एक फिजिओथेरपिस्ट